उजनीकाठच्या गलबताचं माहात्म्य

निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "जहाजावर असतो." सोलापुरात हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग माझ्याबरोबर कुणी जबाबदार माणूस आहे का ते बघतो. बहुतेक वेळा सुमती, माझी पत्नी, बरोबर असायची. ती शांतपणे म्हणायची, "हो, खरंच असतात. बोट लागत नाही त्यांना. हलतच नाही ना ती."

मी आयुष्यभर एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि सुमती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आमचं घर यंत्रमागांच्या गल्लीत आहे. दिवसभर मागांची खटखट ऐकत आम्ही दोघं वाचत बसायचो आणि तसेच म्हातारे झालो असतो. पण उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात पर्यटन वाढवायचं ठरलं, त्यासाठी एक समिती झाली आणि समितीनं पाण्याकाठी मराठ्यांच्या आरमारातल्या गलबताची हुबेहूब लाकडी प्रतिकृती उभारायचं घेतलं. कोकणात समुद्रच असतो, तिथं गलबताचं नवल कुणाला, असा समितीचा विचार होता. तो मला आजही खोडून काढता आलेला नाही.

माहिती सांगायला शिकलेला माणूस हवा म्हणून मला बोलावलं आणि आम्हा दोघांना काठावर एक खोली दिली. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "आपल्या भागाचा आरमाराशी संबंध काय?"

समितीचे अध्यक्ष आबा, मोठे ऊसबागायतदार. पांढरी टोपी सरळ करत म्हणाले, "संबंध तुमी जोडायचा, सर. म्हणून तर तुमाला घेतलंय."

गलबत बांधायला कोकणातून एक वयस्कर मेस्त्री आणि त्यांची माणसं आली. सागवान आलं. पाण्यापासून थोडं वर, उतारावर त्यांनी गलबत बांधलं. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी वर चढेल आणि ते आपोआप तरंगेल, असा हिशोब. फळीला फळी भिडवून मधल्या फटीत राळेत भिजवलेलं सूत ठासतात. ते सूत आमच्या गल्लीतून, मागावर उरलेल्या चिंध्यांतून गेलं. टॉवेल विणणारे आमचे शेजारी अजून सांगतात, "आमच्या धाग्यावर जहाज उभं आहे." सोलापूरचा आरमाराशी संबंध जोडायचाच, तर तो एवढाच.

जाताना मेस्त्री मला आणि सुमतीला म्हणाले, "लाकडाक तान लागता, मास्तरांनु. पाणी पाजा तेका. सुकला तर फुटात." लाकडी जहाज पाण्यात असतं तेव्हा फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात. कोरडं पडलं की त्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. मी मान डोलावली. समितीनंही डोलावली. पण समितीची मान डोलत असते तेव्हा ती झोपलेलीही असू शकते.

उद्घाटनाला पाहुणे मोठे होते आणि धरण रिकामं. फोटोत जहाजाखाली पाणी दिसायला हवं म्हणून आबांनी ऊसवाहतुकीच्या रस्त्यानं टँकर मागवले आणि गलबताभोवती डबकं केलं. पाहुण्यांनी नारळ फोडला, झेंडा दाखवला, फोटो निघाले. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाणी जमिनीत मुरलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र आमचं गलबत लाटांवर स्वार होतं.

त्या पावसाळ्यात धरण पुरतं भरलं नाही. पाणी उतार चढत आलं, गलबताच्या अलीकडं शेताच्या बांधाएवढ्या अंतरावर थांबलं आणि माघारी फिरलं. सुमती रोज पाण्याच्या कडेला काठी रोवून यायची. शेवटची काठी जिथं राहिली तिथं पुढं बरेच महिने एक टिटवी बसायची.

तर असं हे कोरड्या जमिनीवरचं गलबत आम्ही लोकांना दाखवत होतो. आमच्या धंद्यातली खरी अडचण जहाज नव्हे, 'प्रतिकृती' हा शब्द. माणूस शिडीवरून चढून आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"खरं हाय का हे?"

"प्रतिकृती आहे. जुन्या गलबतासारखं नवं बांधलेलं."

"मंजी डुप्लिकेट."

"डुप्लिकेट नव्हे. तसंच, त्याच पद्धतीनं..."

"मग ओरिजिनल कुटं हाय?"

"ओरिजिनल राहिलेलं नाही."

"मंग तुमाला कसं कळलं असंच हुतं म्हणून?"

ग्रंथालयात चाळीसभर वर्षं काढलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता यायला हवं. मी जुन्या चित्रांबद्दल, कागदपत्रांबद्दल बोलायला लागायचो. तोवर मंडळी डोलकाठीला टेकून फोटो काढत असायची. एकदा करमाळ्याकडचे एक गृहस्थ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ते असू द्या. ॲव्हरेज काय देतं?" मी सांगितलं, हे वाऱ्यावर चालतं. त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं ये, ह्याला डिझेल लागत न्हाय." मी आरमारावर जेवढं म्हणून बोललो, त्यात एवढंच कुणाच्या तरी मनापर्यंत गेलं.

लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी यायची. मुलगी सुकाणूजवळ, मुलगा तोफेजवळ, फोटोग्राफर चिखलात. एका नवऱ्यामुलाला तलवार हवी होती. गलबतावर तलवार नव्हती, तर त्यानं सुमतीची छत्री घेतली आणि तीच उगारली. सुमती म्हणाली, "संसारात तीच जास्त उपयोगी पडेल."

शाळांच्या सहली यायच्या. मुलं सुमतीच्या वाट्याला जायची, कारण ती त्यांना वारा शिकवायची. शीड म्हणून तिनं घरातली सोलापुरी चादर आणली होती. दोन मुलांनी चादर धरायची, वारा आला की ती कशी ओढते ते हातांना कळायचं. ती स्वतः भरती-ओहोटी आयुष्यभर शिकवत आली. समुद्र मात्र एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत, आणि तोही मुली मोजण्यात गेला. तिला 'खरं हाय का' विचारलं तर ती माझ्यासारखी कागदपत्रांकडं वळायची नाही. "पाण्यावर तरंगलं तर जहाज," म्हणायची, "नाहीतर फर्निचर."

हे ती हसत म्हणायची, पण तिला ते मनापासून हवं होतं. ते गलबत एकदा तरंगायला हवं होतं आणि ती त्यावर असायला हवी होती. तिचा आजार तोवर आम्हा दोघांना समजला होता. डॉक्टर पुढच्या पावसाळ्याबद्दल बोलताना फार काळजीपूर्वक वाक्यं करायचे. आम्ही त्या वाक्यांची चर्चा केली नाही. ती गलबताची चौकशी करायची, मी गलबताबद्दल बोलायचो.

आणि उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा माणसाला सांगून येतो, लाकडाला सांगत नाही. एका सकाळी मी आत उतरलो तर फळ्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा आत आलेल्या. ठासलेलं सूत सुटून लोंबत होतं. असंच आणखी काही आठवडे गेले, तर पावसाळ्यात पाणी येऊनही उपयोग नव्हता. ते आत शिरेल आणि गलबत जागच्या जागी बसेल. मी आबांकडं गेलो. पाण्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी होत्या. एक मोटार रोज थोडा वेळ मिळाली तरी भागलं असतं.

आबांनी चहा दिला आणि म्हणाले, "सर, हितं माणसाला प्यायला पाणी न्हाय, आन् तुमी लाकडाला पाजायला मागताय? लोकं जोड्यानं हाणतील आपल्याला."

ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. उद्घाटनाच्या टँकरांची आठवण करून देता आली असती. पण त्यांच्या घरचा चहा हातात धरून तेवढं स्पष्ट बोलण्याचं शिक्षण मला मिळालेलं नाही.

मी परत येऊन सुमतीला सांगितलं. ती गलबताच्या सावलीत खुर्चीवर बसली होती. आता तिला चढवत नव्हतं. समोर पाणी खूप लांब गेलं होतं आणि चिखलातून एका जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. उजनी बांधताना जी गावं बुडाली, त्यांची देवळं अशी उन्हाळ्यात बाहेर येतात. मग काठावरची माणसं तिथं जातात, आपल्या पाण्याखालच्या देवाला अंघोळ घालतात, दिवा लावतात आणि पाणी पुन्हा येईपर्यंत त्याला भेटून घेतात. इथल्या लोकांना देव चिखलातून वर येण्याचं आश्चर्य नाही. त्यामुळं चिखलाकाठी भगवा झेंडा लावलेलं, शिडीनं चढायचं असं काही उभं दिसलं, की तिकडून परतणाऱ्या बायका आपसूक चपला काढायच्या. मी त्यांना सांगून थकलो होतो की हे देऊळ नाही.

त्या दिवशी देवळाकडून परतताना एक म्हातारी गलबतापाशी थांबली. पार्वताबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. हातातल्या तांब्यात पाणी उरलेलं होतं.

"बाई, उरलंय थोडं. हितं वाहू का?"

मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं. सुमती आधी बोलली.

"वाहा की. पण वरनं नको. खालच्या फळीवर वाहा, त्या सांध्यावर. हळूहळू."

पार्वताबाईंनी पाणी वाहिलं, फळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि विचारलं, "किती येळा वाहायचं असतंय?"

"रोज," सुमती म्हणाली. "आणि एकटीनं नाही. पाच जणींना घेऊन यायचं."

म्हातारी गेल्यावर मी म्हणालो, "अगं, आयुष्यभर मुलींना विज्ञानाची दृष्टी दिलीस, आणि हे काय?"

"हे विज्ञानच आहे. पाणी, उष्णता आणि लाकूड. नववीचा धडा."

"उद्या ही माणसं इथं घंटा बांधतील."

"बांधू देत. घंटेनं लाकूड सुकत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "अहो, तुम्ही आबांना खरं कारण सांगितलंत. मिळालं पाणी?"

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई पाच जणींना घेऊन आल्या. आठवड्याभरात तांबे घेतलेल्या बायकांची रांग लागली. सुमती खुर्चीवर बसून कुणी कुठं पाणी वाहायचं ते सांगायची. सोमवारी डावी बाजू, गुरुवारी उजवी. सुट्या सुताच्या जागी हळद लावायची, मग मी संध्याकाळी तिथं सूत पुन्हा ठासायचो. लग्न जमत नसलेल्यांना तिनं सुकाणूखालची फळी दिली, कारण ती सगळ्यात जास्त उघडली होती. त्या वर्षी लग्नाळू मुलांची या भागात काही कमी नव्हती. ती फळी सगळ्यात आधी मिटली.

मग आबा आले. रांग पाहिली, टोपी सरळ केली. दुसऱ्या दिवशी मोटार, पाइप आणि मोटार चालवायला माणूस हजर.

मी म्हणालो, "आबा, पाण्याची टंचाई..."

"सर, देवाचं काम हाय. त्यात टंचाई काडू नये."

घंटा आली. उदबत्तीचं स्टँड आलं. एक गुरव नेमला गेला आणि त्यानं मला, थोड्या आदरानं, चपला बाहेर काढायला सांगितलं. आरमाराची माहिती विचारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गलबत कुणाचं, कुणाशी लढलं, तोफ कुठं असायची, हे सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. एक दिवस मी आत उतरलो तर काळोख होता. फळ्यांतून उजेडाची एकही रेघ आत येत नव्हती. बाहेर येऊन सुमतीला सांगितलं, "पूर्ण अंधार आहे." इतकी चांगली बातमी मी तिला लग्नानंतर फार वेळा दिलेली नाही.

मृग निघाला आणि सुमती गेली. दवाखान्यात, दुपारी. शेवटच्या आठवड्यात तिनं दोनदा विचारलं, पुण्याकडं पाऊस झाला का. उजनी पुण्याकडच्या पावसानं भरते. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. एकदा ते खरं होतं.

दिवसकार्य उरकल्यावरही बरेच दिवस मी तिकडं गेलो नाही. गेलो तेव्हा पाणी उतार चढत होतं आणि बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गलबतावर तांब्यानं पाणी घालत होत्या. आता गरज नाही, असं सांगायचा मोह झाला. पण खरं कारण सांगून इथं काय मिळतं ते मला ठाऊक होतं. आबांनाही मोटार रांग लागल्यावरच मिळाली होती.

गलबत उचलण्याएवढं पाणी चढलं त्या दिवशी काठावर जत्रा होती. दोर बाभळींना बांधलेले. आतून आधी करकर आवाज आला, मग गलबत एका अंगावर कललं. बायकांनी 'अगं बया' केलं. मी आत होतो. तळाशी थोडं पाणी झिरपलं आणि थांबलं. आणि मग पायाखालची फळी पहिल्यांदाच हलली. तिला वजन राहिलं नव्हतं. दोर ताणले गेले. काठावर कुणीतरी ओरडलं, "देव उठला!" मी बऱ्याच वेळानं बाहेर आलो तेव्हा आबांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला, "सर, बोला, माहिती द्या." मी दोन वाक्यं बोललो. आरती सुरू झाल्यावर ध्वनिक्षेपक गुरवाकडं गेला.

पावसाळा संपल्यावर आबा आमच्या घरी आले. मागांच्या खटखटीत त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "सर, दगडी पाटी करतोय. माहात्म्य पायजे. तुमी लिवा."

"खरं लिहू?"

"खरंच लिवा की. फकस्त जरा भक्तीनं."

मी खरं लिहिलं. सुमतीचं पूर्ण नाव, भूगोल शिक्षिका. लाकूड सुकलं की फळ्या आक्रसतात. पाणी घातल्यानं त्या फुगतात. ही योजना त्यांची. स्वच्छ, नेमका परिच्छेद होता. तिला आवडला असता. मग मी तो पाटीवर कोरलेला आणि आमच्या पार्वताबाईंना कुणीतरी वाचून दाखवत असलेला डोळ्यांपुढं आणला. पार्वताबाई म्हणणार, "मंजी देव न्हाय व्हय ह्यात?" पुढच्या उन्हाळ्यात तांबे येणार नाहीत. मोटार उसाकडं जाणार. आबा पुन्हा चहा देऊन टंचाई सांगणार. फळ्या उघडणार, आणि पाटीवर सुमतीचं नाव शाबूत, अगदी खरं, एका फर्निचरशेजारी.

मी तो कागद फाडला. ग्रंथालयात माहात्म्यांचं एक कपाट माझ्याकडं होतं. त्यातली वाट मला पाठ आहे. आधी एक पवित्र स्त्री लागते. मग दुष्काळ. मग दृष्टांत. जिनं घरात कधी निरांजन लावलं नाही, देवळात गेली तर खांबांचा दगड कुठला ते बघायची, तिला मी सुमतीमाय केलं. तिला पहाटे दृष्टांत झाला, असं लिहिलं. हयातभर ती सात वाजल्याशिवाय उठली नाही. 'लाकडाला तहान लागते' हे मेस्त्रींचं वाक्य तिच्या तोंडी घातलं. कुठल्या दिवशी कुठल्या बाजूला पाणी वाहायचं, ते मात्र तिनं सांगितलं तसंच लिहिलं. ती असती तर तिनं लाल शाईनं सगळी पाटी रंगवली असती आणि खाली शेरा मारला असता. काय शेरा, ते मला अजून ठरवता येत नाही.

हे सगळं छापलं तर तिकडं गोंधळ होणार नाही का, अशी या अंकाच्या संपादकांना काळजी वाटली. मी त्यांना निर्धास्त केलं. दिवाळी अंक वाचणारी माणसं आणि तांब्या घेऊन जाणारी माणसं एकमेकांना भेटत नाहीत. भेटली तर आपल्या देशाचं बरंच काही सुधारेल, पण आमचं गलबत फुटेल.

आता मी तिथं नोकरीला नाही. माहिती सांगणाऱ्याची जागा समितीनं रद्द केली. त्या जागी प्रसादाचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तसाच, दर्शनाला म्हणून गेलो. चपला काढल्या, तांब्या भरला आणि उन्हात रांगेत उभा राहिलो. माझ्या मागं दोन बायका होत्या. एक माहीतगार, एक नवखी. माहीतगार बाई माहात्म्य सांगत होती, माझ्यापेक्षा किती तरी चांगलं.

"आन् माईचा मालक?" नवखीनं विचारलं.

"त्यो लई शिकल्याला. पुस्तकातला किडा. देव-बिव मानायचा न्हाय. माईनं पाणी वाहावं आन् ह्यानं तिच्यावर खेकसावं."

"अगं बया! मग?"

"मग काय, माय गेली. आन् तारू पाण्यावर उठलं, तसा ह्यो आत अंधारात बसून ढसाढसा रडला. भाईर यीना."

"आता कुटं असतो?"

"गेला असंल की कवाच."

पाटीवर मी मालकाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि त्या दिवशी आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"ओ बाबा," मागून तीच बाई म्हणाली, "सरका की म्होरं. फळी सुकाया लागली."

मी पुढं सरकलो.